आऊटबोर्डला पंखा कोणता लावायचा? वेगाचं आणि पेट्रोलचं गणित

मालवणच्या जेटीवर किंवा देवबागला कर्ली खाडीच्या काठी उभं राहिलं की एकसारख्या फायबरच्या बोटी रांगेत दिसतात. साचा तोच, लांबी तीच, मागे तेवढ्याच हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून लावलेलं इंजिन. तरी दिवसअखेर हिशेब केला तर एकाचं पेट्रोल दुसऱ्यापेक्षा चांगलंच जास्त गेलेलं असतं. मग प्लग बदलले जातात, कार्बोरेटर साफ होतो, मेकॅनिकला निरोप जातो, ऑईलचा ब्रँड बदलून बघितला जातो. पंख्याकडे, म्हणजे पाण्यात फिरून बोट पुढे ढकलणाऱ्या प्रोपेलरकडे, नजर जाते ती सगळ्यात शेवटी, आणि तीही पातं तुटलं असेल तरच. इंजिनावर लाखांत पैसे घालणारा माणूस त्याच्या मागे फिरणाऱ्या त्या तीन पात्यांचा विचार करत नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते. कारण पेट्रोलचे पैसे रोज तिथूनच पाण्यात जात असतात.

आऊटबोर्डला पुढे, न्यूट्रल आणि मागे एवढंच असतं. पुढे जायला गिअर एकच. आंबोलीचा घाट माणसं भरून चढायचा आणि तीच गाडी सपाट रस्त्यावर पळवायची, पण गिअर बदलायची सोय नाही, अशी ही परिस्थिती आहे. तो एकमेव गिअर कोणता ठेवायचा हे ठरवण्याची एकच संधी आपल्याला मिळते आणि ती म्हणजे पंखा निवडण्याची. इंजिन कंपनी बोट ओळखत नाही. तुम्ही दोन माणसं घेऊन गरवायला (गळानं मासे धरायला) जाता, की दहा पर्यटक घेऊन डॉल्फिन दाखवायला, की ओल्या जाळ्यांचा ढीग घेऊन परतता, हे तिला माहीत नसतं. इंजिनाबरोबर खोक्यातून आलेला पंखा सरासरी बोटीसाठी असतो. तो तुमच्या बोटीला चपखल बसला तर तो योगायोग समजायचा.

पंख्यावरचे दोन आकडे

पंख्याच्या बोंडावर (मधल्या जाड भागावर) किंवा पात्याच्या मुळाशी बहुतेक वेळा ११ × १३ असे दोन आकडे कोरलेले असतात. काही कंपन्या त्यापुढे एखादं अक्षरही घालतात, ते पंखा कोणत्या गिअरकेसला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या टोकाच्या गिअरच्या पेटीला, बसतो ते सांगतं. पहिला आकडा व्यासाचा. पंखा फिरताना पात्यांची टोकं जे वर्तुळ काढतात त्याची रुंदी, इंचात. दुसरा आकडा पिचचा. पाणी अगदी घट्ट असतं, जराही मागे सरकलं नसतं, तर पंख्याच्या एका फेरीत बोट जितकी पुढे गेली असती ते अंतर म्हणजे पिच. तेही इंचात.

व्यासात आपल्याला फारसा वाव नसतो. गिअरकेस आणि पंख्याच्या वरची आडवी पट्टी यांच्यामध्ये जेवढी जागा तेवढाच पंखा बसणार. कंपनीनं त्या इंजिनासाठी बनवलेल्या पंख्यांमध्ये व्यास थोडाच इकडेतिकडे होतो, आणि तोही पिचच्या उलट: पिच कमी केला की व्यास बहुधा किंचित वाढलेला दिसतो. म्हणून निवड करायची ती मुख्यतः पिचची.

पिच जास्त म्हणजे उंच गिअर. एका फेरीत अंतर जास्त, पण इंजिनावर ओझंही जास्त. पिच कमी म्हणजे खालचा गिअर. इंजिन मोकळं फिरतं, बोट पटकन उचलते, पण हलक्या बोटीचा कमाल वेग थोडा उतरतो. इथपर्यंत सगळ्यांना कळतं. घोळ होतो तो पुढच्या पायरीवर: वेग हवा म्हणून मोठ्या पिचचा पंखा आणला जातो, आणि बोट आधीपेक्षा हळू चालते. असं का होतं, ते आकडे मांडल्याशिवाय नीट पटत नाही.

एक साधा हिशेब

इंजिन जेवढ्या वेगानं फिरतं तेवढ्या वेगानं पंखा फिरत नाही. मध्ये गिअर असतात. समजा इंजिनाच्या पुस्तकात गिअर रेशो २.०० दिला आहे. म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याची एक. इंजिन ५४०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ५४०० फेऱ्यांवर असेल तर पंखा मिनिटाला २७०० वेळा फिरतो. पिच १३ इंच असेल तर मिनिटाला ३५,१०० इंच, म्हणजे साधारण ८९० मीटर, म्हणजे ताशी ५३.५ किलोमीटर. पुन्हा पुन्हा करायला सोपं पडावं म्हणून: पंख्याचे आरपीएम गुणिले पिच, भागिले ६५६ केलं की ताशी किलोमीटर मिळतात. नॉट (ताशी सागरी मैल) हवे असतील तर १२१५ ने भागायचं.

हा झाला कागदावरचा वेग. आता मोबाइलच्या जीपीएसवर बोट प्रत्यक्षात ताशी ४६ किलोमीटर दाखवत असेल, तर साडेसात किलोमीटर कुठे गेले? ते गेले घसरण्यात. पंखा पाणी मागे ढकलतो म्हणूनच बोट पुढे जाते, तेव्हा पाणी थोडं मागे सरकणारच. याला स्लिप म्हणतात. इथे ती १४ टक्के झाली. पाण्यावर चढून पळणाऱ्या हलक्या बोटीला १० ते १५ टक्के स्लिप म्हणजे उत्तम चाललं आहे. शून्य स्लिपचा दावा कोणी केला तर त्याचा टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारा काटा) किंवा पंख्यावरचा आकडा, दोघांपैकी एक चुकीचा आहे.

आता त्याच बोटीत आठ-दहा माणसं बसवा. माणशी ६५ किलो धरले तरी जवळजवळ ६०० किलो झाले. छोट्या फायबर बोटीच्या बाबतीत हे वजन कधी कधी खुद्द बोटीइतकं भरतं. फुल रेस दिली तरी इंजिन ४७०० च्या वर जात नाही आणि जीपीएस ३४ दाखवतो. हिशेब करा: २३५० गुणिले १३, भागिले ६५६, म्हणजे ४६.६. स्लिप २७ टक्क्यांवर गेली. पंखा पाणी घुसळतो आहे, इंजिन घुसमटतं आहे, आणि पेट्रोल दोघांच्याही नावावर जळतं आहे.

फुल रेसला टॅकोमीटर काय सांगतो

माझ्या मते पंख्याची निवड वेग बघून करायचीच नाही. ती करायची टॅकोमीटर बघून. प्रत्येक इंजिनाच्या पुस्तकात एक ओळ असते: पूर्ण थ्रॉटलवर आरपीएम इतक्या ते इतक्याच्या दरम्यान असावेत. कुणाचं ४५०० ते ५५००, कुणाचं ५००० ते ६०००. ती ओळ शोभेची नाही. इंजिनाची छापील हॉर्सपॉवर त्याच पट्ट्यात मिळते. ४० हॉर्सपॉवरचं इंजिन तुम्ही ४७०० वर अडकवून ठेवलंत, तर पैसे ४० चे मोजलेत आणि वापरताय त्याहून कमी.

चाचणी अशी घ्यायची. नेहमीचा बोजा घ्यायचा, म्हणजे खरीखुरी माणसं किंवा तितक्या वजनाच्या वाळूच्या गोण्या, भरलेली टाकी, नांगर, जाळी, सगळं. रिकामी बोट पळवून घेतलेली चाचणी फसवी असते. सकाळी वारा पडलेला असताना सपाट पाणी बघायचं. इंजिन गरम झालं की सरळ रेषेत फुल रेस द्यायची, ट्रिम (इंजिनाचा कल बदलायची सोय) असेल तर वेग सर्वांत जास्त मिळेल तिथपर्यंत न्यायचा, आणि आरपीएम व जीपीएसचा वेग लिहून घ्यायचा. मग तेच अंतर उलट दिशेनं. खाडीत भरती-ओहोटीचा ओढ इतका असतो की एका दिशेचा आकडा घेऊन काहीच ठरवता येत नाही. दोन्हींची सरासरी घ्यायची. जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनाला टॅकोमीटर नसेल तर प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा डिजिटल टॅकोमीटर स्वस्तात मिळतो. त्याच्याशिवाय पंखा निवडणं म्हणजे अंधारात हात चाचपणं.

आरपीएम पट्ट्याच्या खाली राहत असतील तर पिच जास्त आहे. पट्ट्याच्या वर जात असतील किंवा इंजिन स्वतःच अडखळून रेस तोडत असेल तर पिच कमी आहे. किती बदलायचा याचा ठोकताळा: पिच १ इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, १ इंच वाढवला की तितकेच उतरतात.

वरच्याच बोटीचं बघू. पुस्तकात ५००० ते ६०००. भरलेली बोट ४७००, रिकामी ५४००. पंखा १३ चा. तो ११ चा केला तर भरलेली बोट ५०००-५१०० वर येईल, म्हणजे उंबरठ्यावर. १० चा केला तर ५१५० ते ५३००, आणि रिकामी असताना ५८५० ते ६०००. दोन्ही टोकं पट्ट्यात बसली. रोज बोट भरूनच जाणारा असेल त्याला मी १० चा सांगेन. आठवड्यातले बरेच दिवस तीन-चार माणसांवरच फेरी मारणारा असेल तर ११ चा. रिकाम्या बोटीचे आरपीएम पट्ट्याबाहेर जाणार नसतील, तर नेहमीच्या बोज्यावर पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात किंवा निदान मध्यावर राहायला बघावं, कारण पुढे आरपीएम उतरतच जाणार आहेत. तळाला शेवाळ आणि शिंपले धरतात, बोटीत सामान वाढतं, एप्रिल-मेच्या दमट उष्ण हवेत इंजिनाची ताकद जरा कमी पडते. आज जेमतेम ५००० गाठणारी बोट दोन महिन्यांनी ४७०० वर आलेली दिसेल.

पिच कमी केला की वेग गेला, ही भीती भरलेल्या बोटीच्या बाबतीत बहुतेक वेळा खरी ठरत नाही. तिचा वेग फारसा पडत नाही, कधी कधी वाढतोही, कारण इंजिन आपल्या खऱ्या ताकदीपर्यंत पोचतं. आणि त्याहून महत्त्वाचं, इंजिन वाचतं. जड पंख्यानं दाबलेल्या इंजिनात थ्रॉटल पूर्ण उघडा असतो, इंधन भरपूर जात असतं, पण फेरे कमी असल्यानं प्रत्येक फेऱ्यात पिस्टनवर दाब आणि उष्णता जास्त येते. कार्बन साठतो, आतून ठकठक सुरू होते, आणि असं रोज घडत राहिलं तर पिस्टन जाम होण्यापर्यंत मजल जाते. बोट आपली चाललेली दिसते, म्हणून वरून काही कळत नाही. हेच मला सर्वांत धोक्याचं वाटतं.

पेट्रोल कुठे जळतं

तासाला किती लिटर, हा प्रश्न चुकीचा. लिटरला किती किलोमीटर, हा खरा. हळू चालवली तर तासाचा खर्च कमी दिसतोच, पण पोचायला वेळ लागतो.

फायबरच्या पळणाऱ्या बोटीच्या तीन अवस्था असतात. अगदी हळू असताना ती पाण्यात बसून पाणी बाजूला सारत जाते. वेग वाढवला की नाळ (बोटीचं पुढचं टोक) वर उचलते, मागची बाजू खाली बसते, मागे मोठी लाट उठते. अजून रेस दिली की बोट त्या स्वतःच्या लाटेवर चढते, नाळ खाली येते आणि ती पाण्यावरून सरकायला लागते. सगळ्यात महाग आहे ती मधली अवस्था. नाळ आकाशाकडे, मागे पांढरी लाट, इंजिन ओरडतं आहे आणि अंतर कापलं जात नाही. जड पंखा असलेली भरलेली बोट याच अवस्थेत मिनिटन् मिनिट अडकते, काही बोटी तर पूर्ण फेरी तशाच काढतात. योग्य पंखा बोटीला त्यातून लवकर बाहेर काढतो, आणि वर चढलेली बोट थ्रॉटल कमी केल्यावरही तिथेच टिकवून धरतो. पेट्रोलची खरी बचत इथे आहे.

मोजायचं कसं? टाकी काठोकाठ भरा. ठरलेल्या मार्गावर जाऊन-येऊन फेरी मारा, आरपीएम एकच ठेवा, समजा ३५००. परत आल्यावर टाकी पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर गेलं ते मोजा आणि जीपीएसवरचं अंतर त्यानं भागा. मग ४०००, मग ४५०० वर तेच. तीन आकडे समोर आले की कुठल्या रेसवर बोट सर्वांत कमी पिते ते तुमचं तुम्हालाच दिसेल. पळणाऱ्या बोटीला हा गोड बिंदू बहुधा लाटेवर चढून स्थिर झाल्याच्या थोडा वर सापडतो, फुल रेसच्या बराच खाली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. बोट कायम हलकीच असेल, तर पट्ट्याच्या खालच्या टोकाला बसणारा, म्हणजे थोडा जास्त पिचचा पंखा मधल्या वेगाला थोडं पेट्रोल वाचवूही शकतो, कारण तोच वेग कमी फेऱ्यांत मिळतो. मोठा पिच लावा म्हणणाऱ्यांचा अनुभव खोटा नसतो, तो त्यांच्या हलक्या बोटीचा असतो. प्रवासी आणि मासळी वाहणाऱ्या बोटीला तो लावू नये.

लाकडी जड होडी, जी कधी पाण्यावर चढणारच नाही, तिचा न्याय वेगळा. अशा होडीच्या वेगाला तिच्या पाण्यातल्या लांबीचीच मर्यादा असते. लांबी फुटांत घेऊन तिचं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ नं गुणायचं, नॉट मिळतात. पाण्यात २५ फूट लांबीची होडी असेल तर ६.७ नॉट, म्हणजे ताशी साडेबारा किलोमीटरच्या आसपास. त्यापुढे कितीही रेस द्या, मोठी होते ती फक्त लाट. अशा होडीला कमी पिचचा आणि बसेल तितक्या मोठ्या व्यासाचा पंखा हवा. कंपन्या अशा जड कामासाठी जास्त गिअर रेशोची, मोठा पंखा फिरवणारी इंजिनंही काढतात, तीच घ्यावीत. तिथे ४० टक्के स्लिप दिसली तरी घाबरायचं कारण नाही. आणि मर्यादेच्या एखाद नॉट खाली चालवलं तर पेट्रोलमध्ये पडणारा फरक कुठलाही पंखा देऊ शकणार नाही एवढा असतो.

चार पाती, स्टील, कप

तीन पात्यांचा पंखा सगळीकडे चालतो. चार पात्यांचा पाणी घट्ट धरतो, वळणावर सुटत नाही, थरथर कमी करतो आणि भरलेली बोट कमी रेसवर चढवतो. कमाल वेग मात्र किंचित कमी देतो. तीनवरून चारवर जाताना पिच बहुधा १ इंच खाली घ्यावा लागतो, नाहीतर आरपीएम पडतात. पर्यटकांची फेरी मारणाऱ्याला, ज्याला दिवसातून अनेकदा थांबून पुन्हा बोट चढवायची असते, त्याला चार पाती खरोखर फायद्याची आहेत असं माझं ठाम मत आहे.

स्टेनलेस स्टीलची पाती पातळ आणि ताठ असतात, जोर लावल्यावर वाकत नाहीत, त्यामुळे तोच पिच असूनही थोडा वेग जास्त मिळतो. पण आपल्या किनाऱ्याचा विचार करा. खाडीच्या मुखाशी दरवर्षी जागा बदलणारे वाळूचे पट्टे, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्याखाली लपलेली खडपं. अ‍ॅल्युमिनियमचं पातं खडपावर आपटलं की ते स्वतः वाकतं किंवा तुटतं आणि धक्का बराचसा स्वतः खातं. स्टीलचं पातं सहज हार मानत नाही, मग तोच धक्का पुढे शाफ्ट आणि गिअरपर्यंत जाऊ शकतो. म्हणून खाडीतल्या आणि खडकाळ भागातल्या बोटीला अ‍ॅल्युमिनियमचाच पंखा, आणि बोटीत दुसरा जादा. खोल पाण्यातून रोज लांब जाणाऱ्यानं स्टीलचा विचार करावा.

काही पंख्यांच्या पात्यांची मागची कड बारीकशी आत वळवलेली असते. त्याला कप म्हणतात. त्यानं पाण्यावरची पकड वाढते, आणि आरपीएमवर परिणाम जवळजवळ १ इंच पिच वाढवल्यासारखा होतो. दोन पंख्यांवरचे आकडे सारखे असूनही एकाचे आरपीएम कमी येत असतील तर आधी या कडेवर बोट फिरवून बघा.

नवा पंखा घ्यायच्या आधी

आहे तोच पंखा काढून उजेडात धरा. पात्याच्या पुढच्या कडेवरून अंगठा सावकाश फिरवा. चांगली कड सलग लागते. वाळूतून चाललेल्या पंख्याची कड खरखरीत लागते आणि टोकं गोल झिजलेली असतात. टोकं झिजली म्हणजे व्यास कमी झाला. मग आरपीएम वाढलेले दिसतात, माणसाला वाटतं इंजिन छान मोकळं झालं, आणि वेग मात्र पूर्वीचा राहत नाही. वर सांगितलेला स्लिपचा हिशेब महिन्या-दोन महिन्यांनी करत राहिलं तर ही झीज डोळ्यांना दिसायच्या आधी आकड्यांत दिसते.

पाती एका रांगेत आहेत का ते बघायला यंत्र लागत नाही. इंजिन बंद, किल्ली काढलेली, प्लगच्या वायरी सोडवलेल्या, गिअर न्यूट्रल. गिअरकेसच्या वरच्या आडव्या पट्टीला एक काठी टेकवून तिचं टोक एका पात्याच्या टोकाजवळ आणा आणि पंखा हातानं फिरवा. प्रत्येक पातं काठीपासून तेवढ्याच अंतरावरून गेलं पाहिजे. एखादं लांबून गेलं तर ते वाकलं आहे. वाकलेलं किंवा वेल्डिंग करून जोडलेलं पातं दिसायला सरळ असतं, पण त्याचा पिच बाकीच्यांशी जुळत नाही, आणि ती थरथर बेअरिंग आणि सील (गिअरकेसमध्ये पाणी जाऊ न देणारी रबरी कडी) खाते.

पंख्याच्या पोटात रबरी बुश असतो. तो गिअर टाकतानाचा झटका शोषतो आणि पंखा अडकला तर स्वतः सुटून गिअर वाचवतो. हा बुश थकला की हळू चालवताना सगळं ठीक वाटतं, रेस दिली की इंजिन एकदम फिरतं आणि बोट जागच्या जागी. तपासायचं सोपं: बोंडाच्या आतल्या नळीवर आणि बाहेरच्या भागावर एका रेषेत रंगाची खूण करा, बोट जोरात चालवून आणा, पुन्हा बघा. खुणेचे दोन तुकडे वेगळे सरकले असतील तर बुश गेला. छोट्या जुन्या इंजिनांमध्ये बुशाऐवजी पिन असते, ती तुटते. तिच्या दोन-तीन जादा बोटीत असाव्यातच.

इंजिनाची उंचीही बघा. पंख्यावरची ती आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या पातळीत किंवा जेमतेम इंचभर वर असावी. इंजिन फार वर असेल तर वळणावर पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो, रेस उडते, पकड सुटते. फार खाली असेल तर गिअरकेसचा जास्त भाग पाण्यातून फरफटत जातो आणि पेट्रोल खातो. मागच्या फळीवर इंजिन एका भोकानं वर किंवा खाली घेऊन जे फुकटात मिळतं ते आधी घ्यावं. तसंच माणसांचं. सगळे मागे बसले की नाळ उचललेलीच राहते. दोन जणांना पुढे सरकवून बघा, आरपीएम आणि वेग दोन्ही हलतात.

याच विषयातली एक जुनी गोष्ट मला फार आवडते. इंग्लंडमधल्या फ्रान्सिस पेटिट स्मिथ या शेतकऱ्यानं १८३६ मध्ये स्क्रू प्रोपेलरचं पेटंट घेतलं. त्याचा पहिला स्क्रू लाकडी होता, दोन पूर्ण वेढ्यांचा. १८३७ मध्ये पॅडिंग्टनच्या कालव्यात चाचणी चालू असताना त्याचा अर्धा भाग तुटून पडला, आणि बोट थांबायच्या ऐवजी आधीपेक्षा जोरात चालायला लागली. पुढे ब्रिटिश नौदलानं रॅटलर या जहाजावर एकामागून एक वेगवेगळे स्क्रू लावून बघितले. जहाज तेच, इंजिन तेच, फक्त मागचा स्क्रू वेगळा, आणि प्रत्येकाचे आकडे नोंदवलेले. १८४५ मध्ये रॅटलरनं बाजूच्या चाकांवर चालणाऱ्या अलेक्टो या जहाजाला दोरखंडानं मागे ओढत नेलं, ती लढत गाजली. रॅटलरचं इंजिन जास्त ताकदीचं होतं, त्यामुळे ती लढत तशी बरोबरीची नव्हती. खरं शहाणपण त्या कंटाळवाण्या चाचण्यांत होतं. गावातल्या चार बोटवाल्यांनी मिळून वेगवेगळ्या पिचचे तीन पंखे घेतले आणि आळीपाळीनं आपापल्या बोटीवर लावून आकडे लिहिले, तर रॅटलरवर झालं तेच काम इथे होईल, आणि एकट्यावर खर्चही पडणार नाही. मात्र इंजिनं एकाच कंपनीची आणि एकाच मालिकेची हवीत, नाहीतर शाफ्टवरचे दाते जुळत नाहीत.

दुकानात जाताना एवढं लिहून न्या: इंजिनाचं पूर्ण मॉडेल, गिअर रेशो, सध्याच्या पंख्याचे दोन आकडे, भरलेल्या आणि रिकाम्या बोटीचे फुल रेसचे आरपीएम, दोन्हींचा जीपीएस वेग. ज्या दुकानदारानं हे न विचारता पंखा काढून दिला, त्याला आधी हे वाचून दाखवा. वापरून बघून न जमल्यास बदलून देणार का, हेही पैसे देण्याआधी विचारावं. खरवडलेला पंखा कोणी परत घेत नाही, म्हणून पहिली चाचणी खोल पाण्यातच.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा पंखा काढायला निवांत वेळ मिळतो. काढलात की शाफ्टवर गुंडाळलेला नायलॉनचा दोरा शोधा, तो हमखास असतो. बाहेरून दिसत नाही, पंखा आणि गिअरकेसच्या मध्ये वॉशरखाली जाऊन बसतो आणि सील कापतो. गिअर ऑईलचा खालचा स्क्रू किंचित सैल करा. थेंब दुधासारखा पांढरट आला तर पाणी आत गेलं आहे, आणि नव्या पंख्याच्या आधी सीलचा खर्च करायचा आहे. वॉशर कोणत्या क्रमानं निघाले त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दात्यांवर समुद्रात चालणारं ग्रीस लावा, आणि कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घालायची पिन) दरवेळी नवीच घाला.

जुना पंखा भंगारात देऊ नका. पाती सरळ असतील तर तोच जादा पंखा म्हणून बोटीत ठेवा, सोबत एक नट, दोन कॉटर पिना, त्या नटाचा पाना आणि लाकडाचा एक ठोकळा. नट सोडवताना तो ठोकळा पातं आणि वरच्या पट्टीच्या मध्ये अडकवला की पंखा फिरत नाही आणि हात कापत नाही. गुडघाभर पाण्यात उभं राहून, बोट एकानं धरलेली असताना, हे काम फार वेळ न घेता होतं.